दोन कर्ण्यांच्या मधोमध

चैत्राचं ऊन कृष्णेवर उतरतं तेव्हा ते पाण्याला लगेच शिवत नाही. पाण्याच्या वर, वीतभर अंतरावर, थरथरत उभं राहतं. सोनसळी, अधीर, अंग चोरून उभं असलेलं ऊन. खाली नदी संथ, जड, निळीसावळी. घाटाच्या काळ्या पायऱ्या तापतात आणि तापता तापता गप्प होतात. कडुनिंब मोहरतो. त्याचा कडूगोड, पांढुरका, किंचित उदास गंध राममंदिराच्या कळसापासून नदीच्या वळणावरच्या होडीपर्यंत सगळ्या सावरघाट गावावर पांघरला जातो.

त्या मंदिराचं अंगण मोठं देखणं. पूर्वेला हा मोहरलेला कडुनिंब. पश्चिमेला दगडी दीपमाळ, काजळानं काळवंडलेली, अंगावर पणत्यांचे कोनाडे मिरवणारी. आणि दोघांच्या बरोब्बर मधोमध पिंपळाचा पार. पारापासून निंब बत्तीस पावलं. पारापासून दीपमाळ बत्तीस पावलं. ही पावलं भानुदास गुरवानं मोजलेली. पहिल्यांदा मोजली ती कौतुकानं. त्यानंतर जितक्यांदा मोजली, तितक्यांदा चोरासारखी.

भानुदास आता एकाहत्तर वर्षांचा. उभ्या पंचक्रोशीत त्यानं कर्णे बांधले. लग्नाला बांधले, जत्रेला बांधले, सप्ताहाला आणि सभेलाही बांधले. नवरदेवाची वरात आणि पुढाऱ्याची थाप दोन्ही त्याच्याच कर्ण्यांतून गावभर गेली. शिडीवर, कर्ण्याच्या तोंडाशी, आयुष्य काढलेला माणूस. आता त्याच्या कानांत रातकिडे राहायला आले आहेत आणि भाडं न देता बिनघोर राहताहेत. तालुक्याच्या डॉक्टरनं कान तपासले आणि सांगितलं, की गेलं ते गेलं, जे उरलंय तेही चपला घालून दारात उभं आहे. यंत्र लावा, थोडं भागेल. भानुदासानं यंत्र आणलं आणि डब्यात ठेवून दिलं. दुसऱ्याच्या यंत्रावर त्याचा तसाही कधी भरवसा नव्हता.

पण त्या दिवशी एसटीच्या खिडकीशी बसून परतताना उसाची हिरवी शेतं मुकाट मागे पळत होती, आणि त्याच्या छातीत एकच इच्छा, दिव्याच्या वातीसारखी, वर वर सरत होती. कान मिटण्याआधी हौसाचा आवाज ऐकायचा. पुरता. भरलेला. एकदाच.

आणि तो ऐकायचा, तर आधी तिला एक गोष्ट सांगायला हवी होती. सदतीस वर्षं न सांगितलेली.

हौसा म्हणजे त्याची बायको. लग्न होऊन या काठाला आली, तेव्हा सोबत एक ट्रंक, दोन लुगडी आणि एक गळा घेऊन आली. ट्रंकेला कुलूप होतं, गळ्याला नव्हतं. विहिरीतून घागर वर यावी तसा तो आवाज वर यायचा. काठोकाठ भरलेला, हिंदकळणारा, ओला. पिकल्या करवंदाच्या रंगाचा आवाज. वरून काळाभोर, आत लालजांभळा. ती भाकरी थापताना गायची, तवा तापेतो गायची, शेणानं अंगण सारवताना गायची. आणि गाताना आपण गातो आहोत हे तिच्या गावीही नसायचं.

रामनवमीला भर दुपारी बाराच्या ठोक्याला सावरघाटात रामजन्म होतो. फुलांनी सजवलेला लाकडी पाळणा हलतो, गुलाल उडतो, बायका पाळणा गातात, आणि मग हातावर चिमूट चिमूट सुंठवडा पडतो. शेकडो वर्षं हा पाळणा सभामंडपाच्या आतच म्हटला जायचा. जितकी बाई, तितका आवाज. अंगणातल्या पुरुषांना त्यातलं काही कळायचं, काही कळायचं नाही, आणि दोन्हीवाचून त्यांचं काही अडायचं नाही.

मग एका पाडव्याला भानुदासानं मशीन आणलं. एक माईक आणि दोन कर्णे. कर्णे जुन्या बाजारातले, रंग उडालेले, पण तोंडं अशी रुंद, की सूर्यफुलानं लाजावं.

त्यानं दोन्ही कर्ण्यांची मागली झाकणं उघडली. साध्या सेलची वायर स्क्रूला लावून आतला पडदा कोणत्या बाजूला उसळतो ते बघितलं. कर्ण्याच्या पाठीला दोन स्क्रू. एकीकडे तांबडी वायर जोडायची, दुसरीकडे काळी. दोन्ही कर्ण्यांना सारखंच जोडायचं, इतकाच काय तो नियम. स्क्रूवरच्या खुणा घासून गेल्या होत्या. पण घरात पाडवा होता, पूजा होणारच होती. मग वेगळी खूण कशाला?

दारातूनच, बांबू बघायला निघता निघता, तो हौसाला म्हणाला, "उजव्या स्क्रूला कुंकू लाव, डाव्याला हळद. कुंकवाला मी तांबडी वायर जोडीन."

देवघरापुढची जागा इवलीशी. दोन रुंद तोंडं शेजारी शेजारी मावेनात, म्हणून एक कर्णा त्यानं देवाकडे तोंड करून ठेवला होता आणि दुसरा दाराकडे. जसे दोन पाहुणे एका खाटेवर झोपतात, उशाला पायथा करून.

हौसानं हात धुतले. पदर डोईवर घेतला. दोन्ही कर्ण्यांना आपल्या उजव्या हाताच्या बाजूला कुंकू लावलं, डाव्या हाताच्या बाजूला हळद. इतक्या निगुतीनं लावलं, की एक कणही इकडचा तिकडे सांडला नाही. वर फूल ठेवलं. आपल्या नवऱ्याचा आवाज दहा गावांत जावो, असं काहीसं मनात म्हणाली. आणि एका कर्ण्याचं उजवं दुसऱ्याचं डावं झालेलं होतं, ते ना तिला दिसलं, ना देवाला.

नवमीला भानुदासानं एक कर्णा निंबावर बांधला, एक दीपमाळेवर. निंबाखाली उभं राहून ऐकलं. खणखणीत. दीपमाळेखाली उभं राहून ऐकलं. खणखणीत. मग मिशीवरून हात फिरवून तो मधल्या पारावर जाऊन बसला, गावच्या पाच मोठ्या माणसांच्या शेजारी. तो दिवस त्याचा होता. चैत्र त्याचा होता. आत माईकपुढं उभी असलेली ती पंचवीस वर्षांची हिरव्या लुगड्यातली बाईही त्याचीच होती.

बारा वाजले. हौसानं सूर लावला. आईकडून आलेला पाळणा. आणि त्यात एक ओळ तिनं स्वतः घातलेली, नदीची.

"नीज नीज रामा, नदी निजली, पाणी हलू देईना."

आवाज आला. पण त्या आवाजाला आवाजाचं घर नव्हतं. शहाळ्यातलं पाणी पिऊन झाल्यावर हातात कवच उरावं, तसा आला. पातळ, पोकळ, आतून कोरलेला. कुठून येतो तेही कळेना; क्षणात पाठीमागून, क्षणात टाळूतून, क्षणात कुठूनच नाही. करवंदाचा रंग गेलेला. घागरीचा ओलावा गेलेला. पारावरच्या मोठ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं घसा खाकरला. दुसऱ्यानं पिंपळाच्या पानांत लक्ष घातलं.

पाळणा संपला. गुलालानं माखलेली, घामानं चकाकणारी हौसा पाराशी आली. ओठ मिटलेले, पण डोळे सगळे प्रश्नांचे. त्या प्रश्नांना काय हवं होतं? एक मान हलायला हवी होती, एवढंच.

भानुदास म्हणाला, सगळ्यांच्या देखत, जाणकाराच्या स्वरात म्हणाला, "माईकला तुझा आवाज मानवत न्हाई, हौसा."

पारानं मान डोलावली. पाचही मानांनी एकदम डोलावली, कारण पाचही मोठी माणसं त्याच मधल्या जागेत बसली होती, मानाच्या जागेत, जिथं सावली सर्वांत गार आणि आवाज सर्वांत उपाशी. निंबाखालच्या गोरगरिबांना आणि दीपमाळेच्या कडेच्या लेकुरवाळ्यांना कुणी विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी का आलं होतं, तेही कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या वळणावरून निवृत्तीनाना नावाडी चालत आले. आयुष्यभर होडीशी बोलून बोलून कमी बोलणारे झालेले नाना. म्हणाले, "भानुदास, काल कुणाचा गळा हुता रं? मी वल्हं मारायचं थांबलो. होडी भरल्यागत वाटली."

भानुदास हसला. मग हसू ओठांवरच विरलं. वळणावर बसलेल्या म्हाताऱ्याची होडी भरते, आणि हातभर अंतरावर बसलेला मी रिकामा राहतो, हे कसं?

त्यानं कर्णे उतरवले. झाकणं उघडली. सेलची वायर निंबाच्या कर्ण्याच्या कुंकवाला लावली. पडदा बाहेर उसळला. दीपमाळेच्या कर्ण्याच्या कुंकवाला लावली. पडदा आत गेला.

आत गेला. सूतभर. पण त्या सूतभर अंतरात एक अख्खी बाई बुडाली होती.

आवाज म्हणजे काय असतं? हवेला दिलेला धक्का आणि हवेला दिलेली ओढ. दोन्ही कर्ण्यांनी एकदम ढकलावं, एकदम ओढावं, म्हणजे मधोमध दोन लाटा गळ्यात गळा घालतात आणि आवाज दुणावतो. पण एकाचा श्वास बाहेर जाताना दुसऱ्याचा आत गेला, तर? पाळण्याच्या दोऱ्या दोघींनी दोन बाजूंनी एकदम ओढाव्यात, तसं होतं. जोर दोघींचा, आणि पाळणा जागच्या जागी उभा. कडेला उभं राहिलं तर जवळच्या कर्ण्याचं राज्य असतं, तिथं आवाज भरलेला. मरण फक्त मधल्या जागेला. मानाच्या जागेला.

भानुदासाला सगळं कळलं. आणि कळल्यावर माणसानं जे करायला हवं, ते त्यानं केलं नाही.

त्यानं दीपमाळेच्या कर्ण्याचं कुंकू पुसलं, हळदीच्या जागी लावलं, हळद कुंकवाच्या जागी. झाकण मिटलं. त्याबरोबर तोंडही. धंदा नवा होता. चार गावांची बोलावणी आली होती. ज्याला सरळ-उलट कळत नाही त्याच्याकडून कोण कर्णे बांधून घेईल? ही झाली खरी गोष्ट. पण मन हे मोठं कसबी असतं, खऱ्या गोष्टीला ते नेहमी बऱ्या गोष्टीचं अंगडं शिवतं. भानुदासाच्या मनानं शिवलं, की कुंकू तिच्या हातचं होतं, तिला सांगून तिला कशाला दुखवा? आज नको, उद्या सांगू. उद्या नको, जत्रेनंतर सांगू. आणि त्या उद्यांची माळ ओवता ओवता सदतीस चैत्र मोहरले, सदतीस चैत्र झडले.

पुढच्या नवमीला माईकपुढं पाटलांची सून उभी राहिली, सुलोचना. आवाज बेताचा, पण वायरी आता सरळ होत्या. दोन कर्ण्यांनी एकदम श्वास सोडला आणि तो बेताचा आवाज पारावर दुणावून उभा राहिला, देवीसारखा. पारानं वाहवा केली. आणि हौसा? हौसा मागल्या ओवरीत सुंठ कुटत होती. धप, धप, धप. कुणीतरी सुंठ कुटायलाच हवी असते.

तेव्हापासून सुंठ हौसाची. दर साली. गावानं तसं ठरवलं नाही, ते आपोआप ठरलं. गोड शब्दांत म्हणायचं तर, सावरघाटाच्या सुंठवड्याला जी झणझणीत चव आहे, ती तिच्या हाताची.

ती गायची थांबली. एकदम नव्हे. आधी अंगणातलं थांबलं, मग चुलीपुढचं, मग ओठांतलं. पुढल्या साली मुलगी झाली. त्या लेकीला तिनं निजवलं, पण मिटल्या ओठांनी, नुसतं थोपटून, नाकातून हुं हुं करत. एकदा शेजारीण म्हणाली, अगं म्हण की मोठ्यानं. हौसा हसून म्हणाली, माझा आवाज मानवत नाही. आतल्या खोलीत वायर सोलत बसलेल्या भानुदासाच्या हातातली पक्कड सरकली. अंगठ्याला लागलं. ती खूण अजून आहे. अंगठ्यावरची तरी नुसती खूण आहे.

आणि या चैत्रात, सप्तमीच्या तिसऱ्या प्रहरी, एकाहत्तर वर्षांच्या भानुदासानं माळ्यावरून ते दोन कर्णे उतरवले. आता जत्रांना भिंतीएवढे काळे खोके येतात, छातीत धडका मारणारे. कर्ण्यांना कुणी विचारत नाही. हौसानं त्याला शिडीवर बघितलं आणि म्हणाली, "आता त्यांचं काय लोणचं घालायचंय?"

"तू पारावर ये जरा. ऐकायचंय तुला."

"मला?" हौसा म्हणाली. "साऱ्या गावाला ऐकू येतंय. येत न्हाई ते एका तुमालाच."

पण गेली. पदरानं कपाळ टिपत, गुडघ्यावर हात देत पारावर जाऊन बसली. कधी नव्हे ते हा माणूस काकुळतीला आल्यासारखा दिसत होता. अंगणात कुणी नव्हतं. घाटावर चार बायका धुणं धूत होत्या, दीपमाळेच्या सावलीत दोन म्हातारे पेंगत होते, निंबाखाली एक शेळी.

भानुदासानं एक कर्णा निंबावर बांधला, एक दीपमाळेवर, आणि वायरी जोडल्या. मुद्दाम उलट. अगदी त्या दिवसासारख्या. चूक नेमकी तीच, बिनचूक. मग तो सभामंडपात माईकपुढं उभा राहिला. नुसते आकडे म्हणून दाखवायचे, मग बाहेर येऊन तिला समजावून सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

"एक," तो म्हणाला. "दोन. तीन."

आणि तिसऱ्या आकड्यावर त्याचा बांध फुटला. आपण किती मोठ्यानं बोलतो आहोत, ते त्याच्या कानांना समजायचं कधीच राहिलं होतं.

"हौसा, तुझ्या आवाजात खोट नव्हती. वायर उलटी लागली हुती. मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मी बोललो न्हाई."

घाटावरचं धुणं थांबलं. दीपमाळेच्या सावलीतले म्हातारे ताठ बसले. वळणावरच्या होडीपर्यंत, पलीकडच्या केळीच्या बागेपर्यंत, एकेक शब्द भरदार, कोरीव, ठसठशीत गेला. सगळ्या सावरघाटाला तो कबुलीजबाब ऐकू आला. फक्त जिच्यासाठी होता, तिला, मधल्या पारावर, शब्द कळले तरी मिळालं ते रिकामं शहाळं. पातळ. पोकळ. कुठून येतं ते न कळणारं.

हौसा उठली. का उठली, तिला माहीत नव्हतं. पाय निंबाकडे निघाले. दहा पावलं, आवाजाला कडा आली. पंधरा, आवाजाला हाडं आली. वीस, पंचवीस, आवाजात मांस भरलं, रक्त भरलं, आणि निंबाखाली ती उभी राहिली तेव्हा तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याचा कापरा, घोगरा, लाज सोडलेला आवाज तिच्यावर मोहरासारखा ओघळत होता, "बोललो न्हाई, हौसा. सदतीस वर्सं बोललो न्हाई."

तिनं मागं वळून पाराकडे पाहिलं. बत्तीस पावलं. एवढंच अंतर होतं.

ती सभामंडपात आली. भानुदास माईकची दांडी धरून उभा, जशी जत्रेत हरवलेली माणसं खांब धरून उभी राहतात. आता ती काय बोलते ते ऐकायला त्याला तिच्या ओठांकडे बघावं लागत होतं. सदतीस वर्षांत इतकं निरखून त्यानं त्या ओठांकडे पाहिलंच नव्हतं.

"मी माईकमागं हुते," हौसा म्हणाली. "मला कर्णा ऐकू येत नव्हता. तुमी म्हणाला मानवत न्हाई, मी मानलं. माझ्या गळ्यापरीस तुमच्या कानावर माझा भरवसा."

त्यानं माईकची दांडी सोडली.

"कुंकू मीच लावलं हुतं ना?"

तिला ते कळलं होतं तर. पाडव्याची ती सकाळ, ती इवली जागा, तोंडं फिरवून निजलेले ते दोन कर्णे, सगळं तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं होतं. भानुदासाला नाही म्हणायचं होतं. खोटं बोलायची सवय एवढी जुनी, पण त्या वेळी कामी आली नाही.

"कुठल्या बाजूनं उजवं, ते मी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "चूक माझी."

बाहेर निंबाचा मोहर उगाच झडत होता.

"ते त्या दिवशी सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर दोघं हसलो असतो."

आणि निघून गेली.

ती हसली असती. किती हसली असती! तोंडावर पदर घेऊन, डोळ्यांत पाणी येईतो. सगळ्या आळीला सांगत सुटली असती, की बाई, माझ्या कुंकवानं माझाच गळा बंद केला. आणि पुढच्या नवमीला पुन्हा माईकपुढं उभी राहिली असती. भानुदासानं त्या रिकाम्या मंडपात ते हसू ऐकायचा प्रयत्न केला. सदतीस वर्षांपूर्वीचं, न हसलेलं हसू. रातकिड्यांखेरीज कानांत काही नव्हतं.

अष्टमीचा दिवस त्या घरात बिनशब्दांचा गेला. भाकरी वेळेवर आली, पाणी वेळेवर आलं. भांडी मात्र जरा जोरात ठेवली जात होती, आणि जो माणूस ती आदळआपट ऐकू शकत नव्हता, त्याच्यासाठीच ती होती. बाई रागावली तरी सवयीनंच रागावते.

संध्याकाळी सुलोचनावहिनी काठी टेकत दारात आल्या. आता त्याही सत्तरीच्या. पाळणा म्हणायचं त्यांनी कधीच सोडलेलं. अलीकडे पोरं मोबाइलवरून कुठल्यातरी बाईचा पाळणा लावत. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, की हौसाबाई, वाहवा माझी नव्हती, वायरीची होती, हे मला या वयात कळलं. मोठी गंमत झाली. मग त्यांनी काठी बाजूला ठेवली. उद्या तुम्ही म्हणा, त्या म्हणाल्या. मी पाळण्याची दोरी धरीन. पोरांना सांगून खोके बंद ठेवते. ते जुने कर्णेच लावू दे.

हौसा सुंठ निवडत राहिली.

नवमी उजाडली. तांबूस, तापट, निरभ्र. भानुदासानं कर्णे पुन्हा बांधले. एक निंबावर, एक दीपमाळेवर. शिडी पोरांनी धरली, पण चढला तो स्वतः. वायरी तीनतीनदा तपासल्या. तांबडीला तांबडी, काळीला काळी. एकाचा श्वास बाहेर, दुसऱ्याचाही बाहेर. मग पावलं मोजली. बत्तीस. बत्तीस. पाराच्या मधोमध तो उभा राहिला. खिशातल्या डब्यातून यंत्र काढून त्यानं कानात बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं दुसऱ्याच्या यंत्रापुढं हात जोडले.

सुंठवड्याचं ताट डोईवर घेऊन हौसा अंगणातून आली. पाराशी क्षणभर थांबली. त्याला दिसावं म्हणून ओठ सावकाश हलवत म्हणाली, "तुमच्यासाठी म्हणत न्हाई मी. ध्यानात असू द्या." ताट ओवरीत ठेवलं आणि सभामंडपात गेली.

बाराचा ठोका पडला. सुलोचनावहिनींनी दोरी ओढली. फुलांचा पाळणा हलला. गुलालाचा लाल ढग उठला आणि उन्हात तरंगत राहिला.

आणि कळसावरची कबुतरं एकदम उडाली.

त्यावरून भानुदासाला कळलं, की सूर लागला.

घाटावरच्या बायका उभ्या राहिल्या. निंबाखालचा एक दांडगा गडी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेऊन उभा राहिला, का ते त्यालाही ठाऊक नसावं. पारावर, भानुदासाच्या शेजारी, मानाच्या जागेत बसलेल्या माणसांच्या माना डोलल्या नाहीत, खाली गेल्या. एका म्हातारीचे ओठ हलू लागले, आणि त्या ओठांवरून भानुदासानं ओळ वाचली. नीज नीज रामा, नदी निजली. म्हणजे तीच ओळ. म्हणजे ती विसरली नव्हती. म्हणजे सदतीस वर्षं, सुंठेच्या प्रत्येक घावाखाली, ती ओळ जिवंत होती.

भानुदासानं डोळे मिटले. यंत्राची कळ फिरवली. सगळं अंग कान केलं.

आवाज आला. पातळ. पोकळ. आतून कोरलेला.

वायरी सरळ होत्या. दोन्ही कर्णे एकदम श्वास सोडत होते, दोन लाटा त्याच्या डोक्यावर, पिंपळाच्या पानापानांत, गळ्यात गळा घालत होत्या. साऱ्या अंगणाच्या ओंजळीत घागर रिकामी होत होती. आणि त्याच्या वाट्याला आलं ते तेच कवच. त्या दिवशीचं. आता उलटी वायर कुठल्याच कर्ण्यात नव्हती. होती ती त्याच्या आत. आणि ती सोडवून सरळ जोडायला, शिडी लावून चढण्याइतकी उंच जागा नव्हती.

तो पारावरून उतरला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, सगळे पाळण्याकडे बघत होते. एक एक पाऊल टाकत तो दीपमाळेकडे निघाला. मोजायची नव्हती, तरी पावलं मोजली गेली. बत्तीस. त्यानं काजळलेल्या त्या दगडावर आपला तळहात ठेवला. अंगठ्यावरची जुनी खूण दगडाला टेकली.

दगड थरथरत होता.

उन्हानं तापलेला, शतकांच्या तेलानं माखलेला तो दगड आतून गुणगुणत होता. सावकाश, खोल, भरलेला. तळहातातून मनगटात, मनगटातून कोपरात, कोपरातून छातीत ते गुणगुणणं चढत आलं. विहिरीतून घागर वर यावी तसं. ओलं, काळंभोर, आत लालजांभळं. भानुदासानं दुसराही तळहात ठेवला. मग कपाळ टेकवलं.

बारा वाजून गेले होते. निंबाचा मोहर झडत होता, गुलाल खाली बसत होता, पाळणा मंद मंद होत होता. आणि पाण्यावर वीतभर अंतर राखून उभं असलेलं चैत्राचं ऊन, इतक्या वेळानं, हळूच नदीत उतरलं. पाणी हललं नाही.